एका डोहाची बखर

मराठवाड्यातल्या माणसानं माशांवर लिहिणं म्हणजे मालवणातल्या माणसानं ज्वारीच्या हुरड्यावर लिहिण्यासारखं आहे, असं माझ्या एका कोकणी स्नेह्यांचं मत आहे. मला ते मान्य नाही. कोकणातल्या माणसाला समुद्र न मागता मिळालेला असतो. दाराशी रोज येणाऱ्या पाहुण्याचं कौतुक किती करणार? आमच्या रेणापुरात मासा दिसला तर ती बातमी होते. चौकात चर्चा होते, केवढा होता हे हातांनी दाखवलं जातं आणि संध्याकाळपर्यंत दोन हातांतलं अंतर वाढत जातं.

शिवाय या विषयावर लिहायला माझ्याइतका निःपक्षपाती माणूस शोधून सापडणार नाही, कारण मी मासे खात नाही. मासे खाणाऱ्याचं माशावरचं प्रेम हे नेहमी थोडं संशयास्पद असतं.

रेणा ही आमची नदी. ती मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी समुद्राला. म्हणजे समुद्र आमच्या नात्यातला आहेच, पण लांबचा. पत्रिका पाठवणारा, आहेर न करणारा. रेणेला बारमाही म्हणण्याचं धाडस भूगोलाच्या पुस्तकानंही कधी केलेलं नाही. चार महिने ती नदी असते, चार महिने ओढा आणि उरलेले चार महिने बैलगाड्यांचा रस्ता. (आता ट्रॅक्टरचा. वाळूच्या ट्रॅक्टरचा, आणि तोही बहुधा रात्रीचा.) भंडारवाडीला तिच्यावर मध्यम प्रकल्प झाला. मध्यम हा शब्द सरकारनं फार विचारपूर्वक योजलेला आहे. आमच्याकडे पाऊस मध्यम, पीक मध्यम, आणि देवळात रेणुकामाता आहे म्हणून बाकीचं निभावतं.

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पानिपतात किती माणसं पडली हे माझ्या विद्यार्थ्यांना झोपेतही सांगता येत असे. पण क्रमिक पुस्तकात नसलेला एक इतिहास आमच्या अगदी शेजारी घडलेला आहे. लातूरहून निलंग्याच्या अंगानं खाली गेलं की कर्नाटकात बसवकल्याण लागतं. सकाळी एसटीनं निघालं तर रात्री परत घरी जेवायला येता येतं. हे जुनं कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तिथं सोमेश्वर तिसरा नावाचा राजा बाराव्या शतकात राज्य करत होता. राज्य करता करता त्यानं इ.स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा शंभर अध्यायांचा एक संस्कृत ग्रंथ लिहिला. राज्य कसं करावं इथपासून ते जेवण कसं रांधावं, हत्ती कसा पाळावा, कोणतं गाणं कधी म्हणावं इथपर्यंत जे जे राजाला ठाऊक असावं ते सगळं त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात हीसुद्धा नोंद त्यात आहे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक अध्याय आहे आणि तो चक्क गळ टाकून मासे कसे धरावेत यावर आहे.

विनोद म्हणजे करमणूक. हल्लीच्या अर्थानं घेऊ नये. मासा गळाला लागताना त्याला हसू येत असेल असं वाटत नाही. या राजानं पस्तीसेक जातींचे मासे सांगितले आहेत. कोणता नदीत राहतो, कोणता समुद्रात, कोण काय खातो, कुणासाठी गळाला कोणतं आमिष लावावं, दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी. मासे धरायच्या आधी ठरावीक जागी त्यांना रोज खाऊ घालून पुष्ट करावं असंही तो सांगतो. आधी काही दिवस खाऊ घालायचं आणि मग गळ टाकायचा, ही रीत आमच्या भागात निवडणुकांच्या वेळी अजून पाळली जाते.

विसाव्या शतकात सुंदरलाल होरा नावाच्या थोर मत्स्यशास्त्रज्ञांनी या अध्यायाकडे विद्वानांचं लक्ष वेधलं. इंग्रजांचा गळाचा वेदव्यास म्हणजे आयझॅक वॉल्टन. त्याचं पुस्तक १६५३ सालचं. म्हणजे आमचा शेजारी त्याच्या पाचशेहून अधिक वर्षं आधीचा. पुण्यातल्या कुणाच्या पणजोबांनी हा अध्याय लिहिला असता तर एव्हाना त्याच्या नावानं एक रस्ता, एक व्याख्यानमाला आणि एक वाद झाला असता. आमच्याकडे तिन्ही नाहीत.

मला या राजाची आठवण झाली ती पुतण्यामुळे. पुतण्या पुण्याला संगणकाच्या कंपनीत असतो. परवाच्या दिवाळीत तो आला तो हिमाचलातून, कुलूच्या बाजूची तीर्थन नदी पाहून. पाहून म्हणजे चार दिवस तिच्यात गुडघाभर उभं राहून. सरकारी परवाना काढून त्यानं ट्राउट नावाचे मासे धरले आणि पुन्हा पाण्यात सोडून दिले.

“सोडले?” सौ. म्हणाली. “मग धरले कशाला?”

“काकू, तो स्पोर्ट असतो.”

“तिकडे जायला खर्च किती आला?”

त्यानं आकडा सांगितला. सौ.नं तो मनातल्या मनात तुरीच्या भावात बदलला आणि काही न बोलता आत निघून गेली. मग पुतण्यानं मोबाइलमधल्या नदीचे फोटो दाखवले. निळंशार पाणी, गोल गोटे, काठावर झाडं, आणि कुठं एक चप्पल तरंगताना नाही. “काका, तिथले लोक नदी किती सांभाळतात बघा. आपल्या रेणेत ट्राउट सोडता येतील का हो?”

इतिहासाच्या मास्तराला असा प्रश्न विचारू नये. त्याला ‘नाही’ असं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

ट्राउट हा मुळात साहेबाच्या गावचा मासा. त्याला थंड, वाहतं पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव घाबरा होतो. मे महिन्यात आमच्या नळाला जे येतं त्यात तो आयता शिजून निघेल. पण साहेब मोठा हट्टी. निलगिरीवर गेल्यावर त्याला गावाकडची आठवण झाली, आणि आपण जसे पुण्याला जाताना खारोड्या नेतो तशी त्यानं बोटीवरून ट्राउटची अंडी मागवली. फ्रान्सिस डे नावाच्या मद्रासच्या लष्करी डॉक्टरनं १८६३ साली हा उद्योग करून पाहिला. अंडी वाटेतच गेली. तिकडे काश्मिरात मिचेल नावाचा एक स्कॉच गृहस्थ गालिचांचा कारखाना चालवत होता. बेडफर्डच्या ड्यूकनं १८९९ साली पाठवलेली अंडी मेली. १९०० साली दुसरी खेप आली ती जगली, आणि काश्मीरचे पहिले ट्राउट या मिचेलसाहेबाच्या गालिच्याच्या कारखान्यात वाढले. १९०९ मध्ये कुलूत महिली इथं उबवणी केंद्र निघालं. पुतण्यानं धरून सोडलेल्या माशांचे पूर्वज असे दर्यापार करून आलेले.

म्हणजे माझ्या पुतण्याला जी निसर्गाची देणगी वाटली तिच्यामागं शंभर वर्षांची देखरेख आहे. परवाने आहेत, हंगाम आहेत, कुठल्या पाण्यात कुणी काय टाकायचं याचे नियम आहेत. साहेबानं हे माशाच्या प्रेमापोटी केलं असं नव्हे, सुटीत आपल्याला करमावं म्हणून केलं. पण त्याला एक गोष्ट बरोबर कळली होती: मासा हवा असेल तर आधी नदी लागते. हे ऐकायला फार सोपं वाटतं. आमच्याकडे मात्र नदी संपल्यावर तळ्यात मासे सोडायची योजना येते.

साहेब सगळेच असे गावाकडची आठवण काढणारे नव्हते. त्यांच्यात कर्नल साइक्स नावाचा एक होता. त्याचा मी चाहता आहे. मुंबई सरकारनं १८२४ साली या माणसाला दख्खनची मोजदाद करायला नेमलं. गावं, घरं, नांगर, विहिरी मोजता मोजता त्यानं पक्षी मोजले, आणि भीमा व तिला मिळणाऱ्या नद्यांतले मासेही मोजले. १८३९ च्या आसपास त्याचं हे दख्खनच्या माशांचं काम लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळानं छापलं. नव्या माशाला शास्त्रीय नाव द्यायचं तर एरवी लॅटिन कोश उघडतात, नाहीतर वरिष्ठांचं नाव देऊन बढतीची सोय करतात. साइक्सनंही एखाददुसऱ्या माशाला साहेबांची नावं दिली, पण बाकीच्यांना? मुळा-मुठेत सापडलेल्या मोठ्या माशाला त्यानं नाव दिलं खुद्री. दुसऱ्याला मुल्या. तिसऱ्याला पोटेल. मग बोगट, ताकरी, सांडखोळ, इचकी. काठावर जाळी वाळवत बसलेल्या भोयांनी जी नावं सांगितली असतील तीच यानं लॅटिनच्या पंक्तीला बसवली. आज जगात कुठंही, टोकियोच्या प्रयोगशाळेत का असेना, त्या माशाचा उल्लेख करायचा झाला तर शास्त्रज्ञाला ‘टॉर खुद्री’ असंच म्हणावं लागतं.

त्यातला एक आहे नुक्ता. याच्या नाकाडावर एक उंचवटा असतो. माझे वडील निजामी अमलात उर्दूतून शिकलेले. अक्षराच्या डोक्यावर नुक्ता द्यायला विसरलं की त्यांच्या हातावर छडी बसे. नाकावर नुक्ता घेऊन फिरणारा मासा आहे हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

ही यादी घेऊन मी भोईमामांकडे गेलो. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. नदीवर जात नाहीत. नदीच जात नाही तर हे कुठं जाणार! मी एकेक नाव वाचत गेलो. मामा विडी विझवून ऐकत होते. मुल्या म्हटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“मळ्या म्हणा, मास्तर. खडकाला पोट चिकटून बसतोय त्यो. ल्हान असतोय, बोटाएवढा. आन् ह्यो सायब कोन म्हणायलात?”

“होता एक. दोनशे वर्षांपूर्वी.”

“आमच्यातल्या कुनीतरी सांगिटलं असंल त्याला.” मामा एवढे खूश झाले की त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. “बघा, आमचं नाव कुठल्या कुठं गेलं!”

मग त्यांनी आपली यादी सांगितली. मरळ, वाम, शिंगटा, झिंगे, खवली. कोणता कुठं बसतो, कोणता कधी वर चढतो. अलीकडे जिकडेतिकडे चिलापीच का दिसते, असंही मी विचारलं. ही चिलापी म्हणजे तिलापिया. १९५२ साली ती आफ्रिकेच्या मूळची म्हणून भारतात आली आणि आता भाडेकरूनं घर बळकवावं तशी तळ्यातळ्यांत पसरली आहे. मामांनी तिच्याबद्दल जे सांगितलं ते इथं छापता येणार नाही. पण पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं.

“उन्हाळ्यात मासुळी कुठं जाती वाटतंय तुमाला? डोहात बसती. मिरगाचा पहिला लोंढा आला की तिथून वर चढती, गुडघाभर पान्यात वाळूगोट्यांत अंडे घालती. तुमी पेरायचं बी खाताव का? उतरंडीत राखून ठिवताव. डोह म्हंजी नदीची उतरंड हाय. आता डोहच नाही ऱ्हायला तर बी कुठून आनायचं?”

मत्स्यशास्त्राची चार पुस्तकं मी त्यानंतर ग्रंथालयातून आणून वाचली. चारही पुस्तकांत हेच होतं, फक्त चहा नव्हता.

आता गंमत पाहा. हे उतरंडीचं शास्त्र या महाराष्ट्रात कुणाला कळलं होतं? देवांना. रायगडाच्या पलीकडे महाडच्या बाजूला काळ नदीवर वाळण कोंड म्हणून जागा आहे. कोंड म्हणजे खोल डोह. काठावर देवीचं ठाणं, आणि कोंडात महसीर, म्हणजे त्या खुद्रीचंच खानदान. हे मासे देवीचे. त्यांना कुणी धरत नाही. येणारा माणूस मूठभर चुरमुरे टाकतो आणि काळ्या पाठींची एक लाट वर येते. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे इथं महादेवाच्या देवळापाशी तेच. इंद्रायणीवर देहूला तेच. तिथल्या माशांना देवमासे म्हणतात. (शाळेतल्या पुस्तकातला देवमासा म्हणजे व्हेल. माझ्या एका विद्यार्थ्यानं देहूला व्हेल आढळतो असं उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं. मी अर्धा गुण दिला.) 

दोन मैलांच्या नदीतला शंभर हातांचा तुकडा राखला की बाकीच्या नदीला बियाणं मिळतं, हे या गावांना प्राणिशास्त्राशिवाय साधलं. त्यांनी कारण वेगळं सांगितलं, देवीचा कोप होईल वगैरे. पण परिणाम तोच झाला आणि शतकानुशतकं टिकला. याउलट सरकारनं १८९७ साली मत्स्य कायदा केला. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारील त्याला दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळी दोनशे रुपयांत बैलजोडी येऊन वर पैसे उरले असते. तरी लोक सुरुंग लावत राहिले, कारण शिपाई गावात महिन्यातून एकदा येई. देवी मुक्कामाला असते.

देवीचा धाकही सगळ्यालाच पुरतो असं नाही. देहूच्या देवमाशांना गळ लागला नाही, जाळं लागलं नाही. पण वरून नदीत जे सांडपाणी येतं त्याला कोप कळत नाही. अलीकडच्या वर्षांत इंद्रायणीत मेलेल्या माशांचा खच तरंगल्याच्या बातम्या आल्या. ज्या नदीनं तुकोबांच्या वह्या कोरड्या परत दिल्या असं आपण मानतो, तिनं आता काय काय पोटात घ्यायचं?

महसीरचं कौतुक साहेबालाही होतं. हेन्री सलिव्हन थॉमस नावाच्या दक्षिण कॅनरातल्या अधिकाऱ्यानं १८७३ साली भारतातल्या गळावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि विलायतेतल्या सामनला हा इथला मासा ताकदीत हार जाणार नाही असं ठणकावून सांगितलं. पण त्या ताकदीच्या माशाला धरणांनी अडवलं. वर चढायला वाट राहिली नाही. तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं उबवणी केंद्र काढलं. वीज करायला पाणी अडवलं, आता निदान त्या पाण्यातल्या माशाचं बाळंतपण तरी करू, असा हा सरळ व्यवहार. डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं खुद्रीची अंडी कृत्रिम रीतीनं फलित करून लाखांनी पिल्लं वाढवली. ही अंडी ओल्या कापसात गुंडाळून दूरदूर पाठवता येतात असंही त्यांनी दाखवलं. कापूस माणसाच्या वाती-गाद्यांपलीकडे काही कामाला आला हे वाचून मराठवाड्यातल्या माणसाला बरं वाटतं.

इथं गोष्ट गोड संपायला हवी होती. पण ही पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीत पाठीला कुबड असलेला तिचा स्वतःचा महसीर होता; अवाढव्य, जगात दुसरीकडे कुठंही नसलेला. आमच्या दख्खनच्या खुद्रीनं तिथं असं बस्तान बसवलं की घरचा मालक ओसरीवर आला. त्या कुबडवाल्याला शास्त्रीय नाव कोणतं, हे २०१८ साली एकदाचं निश्चित झालं, आणि त्याच सुमारास तो नामशेष होण्याच्या काठावर असल्याचंही जाहीर झालं. बारसं आणि आजारपण एकदमच. म्हणून नदीत मासे सोडू म्हणणाऱ्या माणसाला मी आधी खाली बसवतो, पाणी देतो, आणि मग कोणते मासे ते विचारतो.

तर पुतण्याला मी सांगितलं, ट्राउट नको. महसीरही नको. आपली मळ्या आणि मरळ पुष्कळ आहेत. त्यांना फक्त मे महिना काढून द्यायचा आहे.

हा मे महिना काढणं पूर्वी अवघड नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. सुकडी खाल्ली, खडी फोडणाऱ्या आयाबायांच्या रांगा पाहिल्या. त्या वर्षीसुद्धा गावाखालच्या डोहात कमरेएवढं पाणी होतं. आभाळातून आलं नव्हतं, जमिनीतून झिरपत होतं. मग ऊस आला आणि त्याच्यामागून बोअर आले. आधी दोनशे फूट, मग चारशे, मग सातशे. जमिनीतलं पाणी नदीकडे जायचं ते पाइपाकडे वळलं. वाळू गेली, तिच्याबरोबर पाणी धरून ठेवणारा गाळणाही गेला. २०१६ साली मांजरेचं धरण आटलं, आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली. दहा डबे, पाचेक लाख लिटर. साऱ्या देशानं ती गाडी टीव्हीवर पाहिली. त्या दिवसांत मी डोहाकडे गेलो होतो. तळाला भेगा पडल्या होत्या आणि एका भेगेत शिंपल्यांचा ढीग होता. माणसांना मिरज होती. मळ्याला कोण होतं?

पुढे पाऊस बरे झाले, डोह पुन्हा भरू लागला, कुठून तरी वरच्या बंधाऱ्यातून मासेही आले. तेव्हा आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या पोरांनी आणि मी मिळून हा डोह राखायचं मनावर घेतलं. पहिल्यांदा मी रीतसर एका कचेरीत गेलो. तिथले कारकून सज्जन होते. त्यांनी विचारलं, “ठेका पाहिजे का?” मी म्हणालो, “नाही. मासे धरायचे नाहीत.” “मग बीज सोडायला अनुदान?” “सोडायचे पण नाहीत.” त्यांनी अर्ज उलटासुलटा करून पाहिला. मासे धरणाराचा रकाना होता, मासे सोडणाराचा होता. मासे जिथल्या तिथं असू देणाराचा नव्हता. राज्यानं २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं, तेव्हा एखादा रकाना मळ्यासाठीही निघेल अशी मला आशा आहे. पण निवृत्तीनंतर आशा बेतानंच करावी.

मग देवळाच्या पारावर बैठक घेतली. अकरा माणसं आणि तेरा मतं. एकाला बोटिंग हवं होतं. एकाला डोहाच्या मध्यावर कारंजं हवं होतं. एकानं चिलापीचं बी स्वखर्चानं सोडतो म्हणून जाहीर केलं, तेव्हा भोईमामा उठून उभे राहिले आणि तो बसला. खरी अडचण वेगळीच होती. डोहावर तिघांच्या मोटारी होत्या. तिघांचाही ऊस होता.

“मास्तर,” त्यातला एक म्हणाला, “मासे का ऊस, येवढं सांगा. पोरीचं लगीन मासळीच्या जिवावर करायचं का म्या?”

याला पुस्तकात उत्तर नाही. तो खोटं बोलत नव्हता. एक एकर ऊस वाळला तर काय होतं हे मलाही माहीत आहे. माझ्या भावाचा वाळला होता. तास-दीड तास नुसतीच खडाजंगी झाली. शेवटी भोईमामांनी तोड काढली. डोहाच्या काठाला एक काळा खडक आहे. मामांनी त्यावर हात ठेवून दाखवलं: पाणी इथवर उतरेपर्यंत मोटार चालवा. याच्या खाली नाही. खालचं बियाणाचं.

कबूल झालं. पोरांनी खडकावर ऑइल पेंटनं लाल रेघ ओढली, शेजारी तारीखही घातली. आठ दिवसांत कुणीतरी ती खरवडून काढली. कुणी ते मी विचारलं नाही. भोईमामांनी सुनेकडून वाटीभर शेंदूर आणला, तेल घातलं आणि त्याच जागी, त्याच उंचीवर बोटानं रेघ ओढली. वर एक टिळा. वाळण कोंडाची हकिकत मी त्यांना कधी सांगितलेली नव्हती.

ती रेघ अजून आहे. गेल्या उन्हाळ्यात पाणी तिच्याखाली दीड वीत गेलं, कारण एक मोटार दोन रात्री चालली. उरलेल्या दोन बंद राहिल्या. तळाला गुडघाभर पाणी शिल्लक राहिलं. मृगात लोंढा आला तेव्हा मी आणि मामा काठावर बसलो होतो. मामांना आता नीट दिसत नाही. मी पाहून सांगायचं आणि त्यांनी माझ्या वर्णनावरून नाव सांगायचं, असा आमचा कारभार चालला होता. उथळ पाण्यात काहीतरी रुपेरी तिरपं तिरपं वर सरकत होतं. मी म्हणालो, वीतभर आहे, पाठ काळसर. मामा म्हणाले, शेपटी कशी हाय ते सांगा. तोवर तो गेला होता.

दंडही ठरवला आहे. डोहात जाळं टाकील त्यानं देवीला एक नारळ द्यायचा. १८९७ च्या कायद्यापेक्षा ही शिक्षा सौम्य आहे, पण वसुली चोख आहे. आजपर्यंत दोन नारळ आले. पहिला गणेश मंडळाच्या खजिनदाराचा. दुसरा भोईमामांनी स्वतः आणून फोडला, नातवानं जाळं टाकलं म्हणून. खोबरं वाटताना ते मला म्हणाले, “पोराला दोन मळ्या गावल्या, मास्तर. दोनी मोठ्या होत्या.” आणि त्यांनी हातांनी दाखवलं केवढ्या.